पडताळा आणि प्रतिष्ठा

महाराष्ट्रातून घाट उतरून आलेले आणि गोव्यातले माझे प्राध्यापक सहकारी, समुपदेशक, संशोधक विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

पणजीतल्या या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीनं, यजमानाच्या अधिकारात मनातलं थोडं बोलते.

"मानसशास्त्र म्हणजे आर्ट्सच ना?" हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकानं ऐकलेला आहे. तो प्रवेशाच्या वेळी पालक विचारतात आणि प्रयोगशाळेसाठी निधी मागायला गेलो की विद्यापीठाच्या समित्याही विचारतात. निधी आणि जागा अडतात तिथं आपण जरूर भांडावं. पण या प्रश्नानं खचून जाण्याचं कारण मला दिसत नाही. १८७९ साली लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा उघडली. त्यांचे शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेले आणि त्यांच्या हाताखाली शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी कोलकाता विद्यापीठात, १९१६ साली सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या मानसशास्त्र विभागाची धुरा वाहिली. आपलं घराणं प्रयोगाचंच आहे.

मला काळजी वाटते ती शास्त्रज्ञ दिसण्याच्या धडपडीची. परदेशी प्रश्नावलीचा घाईनं अनुवाद करायचा, ती आपल्या माणसांना लागू पडते का हे न पाहता महाविद्यालयातल्या मुलांकडून भरून घ्यायची, संगणकातून तक्ते काढायचे आणि आकड्यापुढे संख्याशास्त्रीय लक्षणीयतेची, म्हणजे निकाल निव्वळ योगायोगाचा वाटत नाही हे सांगणारी, चांदणी दिसली की प्रबंध पुरा झाला असं मानायचं. चांदणी दिसली नाही, तर काम कपाटात. या सवयीनं आपल्या विषयाचं जितकं नुकसान केलं, तितकं बाहेरच्या कुठल्याच टीकाकारानं केलेलं नाही.

२०१५ साली अमेरिकेतले ब्रायन नोसेक आणि अडीचशेहून अधिक संशोधक यांनी मानसशास्त्राच्या तीन नामांकित नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष लक्षणीय होते, फेरतपासणीत ते ३६ टक्क्यांतच तसे निघाले. वर्तमानपत्रांनी मानसशास्त्राची अब्रू गेली म्हणून मथळे दिले. मला मात्र त्या कामाचा अभिमान वाटतो. आपलीच पुस्तकं खोटी ठरण्याची तयारी ठेवून आपल्याच माणसांनी ते केलं. त्याआधी तीन वर्षं एका औषध कंपनीच्या संशोधकांनी कर्करोगावरचे ५३ गाजलेले अभ्यास तपासले, तेव्हा सहाच टिकले होते. त्या क्षेत्राला 'तुम्ही शास्त्रज्ञ का?' असं कोणी विचारलेलं नाही. आपल्याकडे तर या धक्क्यातून पद्धतीच बदलू लागल्या: गृहीतक आणि विश्लेषणाचा आराखडा आधी नोंदवायचा, निकाल काहीही लागो, निबंध छापायचा हे नियतकालिकानं आधीच कबूल करायचं. आपल्या किती मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांकडून असा आराखडा आधी लिहून घेतला आहे?

आता घरची गोष्ट. याच गोव्यात 'संगत' या संस्थेनं, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. समुपदेशन करणारी माणसं स्थानिक होती, मानसोपचाराची पदवी नसलेली, या कामासाठी तयार केलेली. सहा ते आठ भेटी. उदासीमुळे सुटलेली रोजची कामं आणि गाठीभेटी बेताबेतानं पुन्हा सुरू करायला हात द्यायचा, एवढंच त्या भेटींचं स्वरूप. कोणाला या भेटींची जोड मिळेल आणि कोणाला फक्त सुधारलेले नेहमीचे उपचार, हे चिठ्ठीसारखं यदृच्छेनं ठरलं. शेवटी मोजमाप घेणाऱ्यांना कोण कुठल्या गटात आहे हे ठाऊक नव्हतं. तीन महिन्यांनी जोड मिळालेल्यांतले ६४ टक्के नैराश्याबाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. 'लॅन्सेट'नं ते छापलं. केंद्रात आलेल्या एखाद्या बाईला आपल्याशी बोलणारी व्यक्ती शास्त्रज्ञ आहे की नाही, याच्याशी कर्तव्य नव्हतं. तिला बरं वाटलं का, आणि ते त्या भेटींमुळेच का, हे कळायला हवं होतं. तेवढं कळावं म्हणून संशोधकांनी एवढी काळजी घेतली.

आपल्या कामातही निकालापेक्षा अशी काळजी मोजली जावी, म्हणून या परिषदेत स्वागत समितीनं हट्टानं एक बदल केला आहे. उद्या दुपारचं पूर्ण सत्र आम्ही गृहीतक चुकलेल्या आणि काहीच लक्षणीय न सापडलेल्या अभ्यासांसाठी राखून ठेवलं आहे. निबंध वाचणारी मुलं प्रश्नावल्या आणि कच्ची माहिती टेबलावर मांडून बसतील. ज्येष्ठांनी त्या सत्राला पुढच्या रांगेत बसावं, कागद हातात घेऊन पाहावेत आणि मुलांना कठीण प्रश्न विचारावेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे.