बुलेटची न दिसणारी साखळी

मोटारसायकलीला साखळी एकच असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. मागच्या चाकाला फिरविणारी ती साखळी डोळ्यांसमोर असते. ती लोंबकळली की शेजारीही सांगतात, कोरडी पडली की ती स्वतःच कुरकुरते. परंतु जुन्या बुलेटला आणखी एक साखळी असते. डाव्या अंगाला असलेल्या ॲल्युमिनियमच्या लांबट झाकणाआड, तेलाच्या सान्निध्यात ती अहोरात्र राहते. इंजिनाची शक्ती प्रथम हिच्यावरून क्लचकडे आणि तेथून गिअरपेटीकडे जाते. म्हणूनच तिला प्रायमरी चेन म्हणतात. आज तिच्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

मी बोलतो आहे ते बिडाच्या सिलिंडरच्या साडेतीनशे सी.सी. बुलेटविषयी. 1955 साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यातील हे यंत्र आपल्या देशात तयार होऊ लागले. रेडिचचा तो कारखाना 1967 साली बंद झाला. इकडे मात्र तेच इंजिन किरकोळ फेरफारांनिशी नव्या शतकापर्यंत निघत राहिले. 2023 साली आलेल्या नव्या बुलेटमध्ये या साखळीची जागा दंतचक्रांनी घेतली आहे, तेव्हा त्या गाडीच्या मालकांना या भाषणाचा उपयोग नाही. पण बेळगावात काय, गोव्यात काय, वडिलांच्या मागे मुलाने जपून ठेवलेल्या जुन्या बुलेटी आजही रस्त्यावर दिसतात.

साखळी सैल होते म्हणजे नेमके काय होते? ‘चेन ताणली गेली’ असे आपण म्हणतो. पण पोलाद काही रबरासारखे ताणले जात नाही. साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्याभोवती एक नळी. ही दोन्ही एकमेकींवर झिजतात. समजा, साखळीला 80 सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा एका मिलिमीटरचा केवळ विसावा भाग झिजला. तरी सगळी साखळी मिळून 4 मिलिमीटरांनी लांबते. एकेका सांध्यातली ही झीज डोळ्यांना दिसत नाही, बेरीज मात्र कानांना ऐकू येते. इंजिन संथ चालत असताना डाव्या झाकणातून खडखड येऊ लागते. पुढे साखळी झाकणाला आतून घासू लागते आणि तेथे चकचकीत चरे उमटतात. झाकण उघडल्यावर असे चरे दिसले, तर दुखणे जुने आहे असे समजावे.

आता या खडखडीवर गॅरेजात सरसकट केला जाणारा उपाय पाहा. मेस्त्री झाकण काढतो, खालचा स्क्रू फिरवून साखळी घट्ट करतो, आवाज थांबतो आणि मालक खूश होऊन घरी जातो. माझ्या मते या साखळीचे जेवढे नुकसान दुर्लक्षाने होत नाही, तेवढे अशा घट्ट करण्याने होते. आमच्या एका सहशिक्षकांची 1984 सालची बुलेट अशीच ‘शांत’ होऊन आली. खडखड गेली होती. पण वेग वाढला की बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येई. त्यांना तो नवेपणाचा वाटला. सहा महिन्यांत इंजिनाच्या मुख्य बेअरिंगने राम म्हटला आणि सगळे इंजिन उघडावे लागले. पाव इंच ढिलाईची ती किंमत होती.

पाव इंच हा आकडा मी सहज घेतला नाही. वरच्या पदराच्या मध्यावर बोटाने साखळी वर-खाली करून पाहिली असता ती पाव इंच, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटर, हलली पाहिजे. कारण असे की, इंजिन तापले म्हणजे त्याचे ॲल्युमिनियमचे कवच प्रसरण पावते आणि पोलादी साखळीच्या मानाने अधिक पावते. त्यामुळे दोन दंतचक्रांमधले अंतर किंचित वाढते. थंड इंजिनावर ताठ बसवलेली साखळी तापल्यावर तारेसारखी होते, आणि तिचा ताण दोन्हीकडच्या बेअरिंगांना सोसावा लागतो.

इतर कित्येक जुन्या इंग्रजी गाड्यांत गिअरपेटी मागे सरकवून ही साखळी ताणावी लागे. मग मागची साखळीही पुन्हा जुळवणे आले. बुलेटची गिअरपेटी इंजिनाच्या पाठीला बोल्टांनी पक्की असते. म्हणून येथे साखळीच्या खालच्या पदराखाली एक वक्र पट्टी दिली आहे. स्क्रूने ती वर उचलायची आणि चेकनटाने जागच्या जागी बांधायची, इतकी ही साधी युक्ती.

काम घरी करण्यासारखे आहे. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, खाली पसरट भांडे ठेवावे, तेल सांडतेच. डावा फुटरेस्ट आणि ब्रेकचे पायडल काढावे लागते. झाकण मध्यावरच्या एकाच मोठ्या नटाने धरलेले असते. नट काढून झाकण दोन्ही हातांनी सरळ ओढावे. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नये, कडेला पडलेला एक टवका पुढे आयुष्यभर तेल गाळतो. मग प्लग काढून, टॉप गिअर टाकून, मागचे चाक हाताने हळूहळू फिरवावे आणि दर थोड्या अंतरावर साखळी तपासावी. येथेच पुष्कळांची गफलत होते. साखळी सर्वत्र सारखी झिजत नाही. एके ठिकाणी ती सैल लागते, दुसरीकडे ताठ. सैल जागा पाहून ताण दिला तर ताठ जागेचा गळा आवळला जातो. म्हणून सर्वांत ताठ जागा शोधून, तेथे पाव इंच ठेवावे. ताठ जागी पाव इंच आणि सैल जागी त्याच्या कितीतरी पट अशी स्थिती असेल, तर मात्र स्क्रूशी खेळत बसू नये, साखळी बदलावी. ती बेजोड असते, तिला सुटणारी कडी नाही. इंजिनावरचे चक्र आणि क्लच एकदमच उतरवावे लागतात. ते काम जाणत्या मेस्त्रीकडे सोपवणे बरे.

झाकण उघडे आहे तोवर वक्र पट्टीवर खोल खाचा पडल्या आहेत का, आणि ज्या गाड्यांत आल्टरनेटर याच पेटीत आहे तेथे त्याच्या तारा साखळीला लागत नाहीत ना, हे पाहावे. काढलेले तेल उजेडात न्याहाळावे. दुधट असेल तर पाणी शिरले आहे. आपल्याकडच्या पावसात हे नवल नाही. नवे तेल घालताना क्लचच्या पट्ट्याही त्याच तेलात असतात हे ध्यानात असू द्यावे. मोटारीसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांनी क्लच घसरू लागतो. ओल्या क्लचच्या मोटारसायकलींचे तेल घ्यावे आणि पातळीच्या स्क्रूपर्यंतच भरावे.

आणि हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील तर मी त्यांना चोर्ल्याच्या घाटाकडे बोट दाखवीन. उतारावर आपण गिअर खाली आणतो आणि इंजिन गाडीला मागे खेचून धरते. ते धरणारा दोर हीच साखळी. ती तुटली तर सगळा भार जुन्या ड्रम ब्रेकांवर येतो. तुटून पेटीत अडकली तर मागचे चाक जागीच जाम होऊ शकते. अशा क्षणी क्लचचा दांडा ताबडतोब ओढावा, म्हणजे चाक मोकळे होण्याचा संभव असतो.

झाकण परत लावताना कडेचे रबर खाचेत नीट बसले आहे का पाहावे. तेल गळते म्हणून मधला नट जोराने आवळणारे पुष्कळ आहेत. त्याने झाकण वाकते आणि गळती वाढते. रबर जुने होऊन कडक झाले असेल तर नवे आणावे, ते महाग नसते.