बंद केलेल्या अंगाची खूण



संगणकाची गोष्ट कामगार चळवळीतल्या माणसाने सांगावी, याचे आपणांस नवल वाटेल. पण यंत्रातले कोणते अंग बंद करावयाचे, हा प्रश्न यंत्रापाशी उभे राहणाऱ्यांचाच आहे.

लॅपटॉपच्या स्पर्शपडद्याला तडा गेला, की कधी कधी कोणी हात न लावता पडद्यावर खिडक्या उघडतात आणि मिटतात. एवढ्यासाठी सारा लॅपटॉप टाकून देण्याचे कारण नाही. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ नावाची उपकरणांची यादी असते. तीत स्पर्शपडद्याच्या नावावर माऊसची उजवी कळ दाबून ‘डिसेबल’ निवडले, की चित्र दिसत राहते, स्पर्श तेवढा ऐकला जात नाही. ‘अनइन्स्टॉल’ करून हे साधत नाही. संगणक फिरून सुरू होताना ते उपकरण शोधून पुन्हा कामाला लावतो. ‘डिसेबल’ केलेले नाव मात्र यादीत राहते आणि त्यावर खाली रोखलेल्या बाणाची खूण दिसते. आमच्या मते सारे शहाणपण त्या खुणेत आहे.

आपल्या शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले, प्रत्येकी २१० मेगावॉटचे. पुढे त्यांच्या दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या. ती जनित्रे बाजूला काढली आणि प्रत्येक संचाची क्षमता १६० मेगावॉट ठरवली. ५० मेगावॉट गेले, पण उघड हिशेबाने गेले.

याच्या उलट भोपाळ. १९८४ च्या डिसेंबरात तिथे विषारी वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारे शीतयंत्र कित्येक महिने बंद होते आणि वायू जाळून टाकणारा मनोरा जोडनळी काढल्यामुळे निकामी होता. राखण करणारी अंगे बंद, आणि विषाचा साठा मात्र तसाच! हजारो माणसे मेली.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. वायू नसताना एखादी धोक्याची घंटा वाजू लागली, तर ती बंद करावीही लागेल. त्याला आमचा विरोध नाही. पण कोणी बंद केली, केव्हा, कशासाठी, आणि दुरुस्त होईपर्यंत तिच्या जागी पहारा कोणाचा, एवढे पाळीच्या वहीत लिहिलेच पाहिजे. पुढच्या पाळीला येणाऱ्या कामगाराला घंटेचे मौन म्हणजे सुरक्षितता वाटते. त्याला ती खूण दिसली पाहिजे. पगारवाढीइतकीच ही मागणीही आम्ही मोठी मानतो.