थकलेला हप्ता आणि घराची अब्रू

कर्ज म्हणजे परतफेडीच्या बोलीवर घेतलेला पैसा आणि अब्रू म्हणजे चारचौघांत माणसाला असलेला मान. या दोहोंची गल्लत झाली की हप्ता चुकलेला मनुष्य बँकेचा फोन उचलेनासा होतो, लग्नकार्य टाळू लागतो आणि थकबाकीचा आकडा घरच्यांपासूनही लपवतो. कायद्याने मात्र ही गल्लत फार पूर्वीच दूर केली आहे. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यानंतर १८७९ मध्ये झालेल्या कायद्याने दख्खनच्या शेतकऱ्याला केवळ देणे थकले म्हणून तुरुंगात टाकण्याची प्रथा बंद केली. आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने, मनात खोट नसलेल्या पण ऐपतच उरली नाही अशा ऋणकोला कैद करणे राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाविरुद्ध ठरवले.

जप्ती, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने ऋणकोची मालमत्ता ताब्यात घेणे, ही लोकांच्या मनातली सर्वांत मोठी धास्ती होय. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० येथे मुद्दाम समजून घ्यावे. नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते आणि न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी जनावरे व बियाणे जप्त करता येत नाहीत. धर्मरूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, म्हणजे मराठी घरातले मंगळसूत्र, त्यालाही हात लावता येत नाही. (तारण ठेवलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी.) कलम ६२ नुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलिफाला, म्हणजे जप्तीचा आदेश बजावणाऱ्या न्यायालयाच्या कर्मचाऱ्याला, राहत्या घरात शिरता येत नाही. कायदा करणाऱ्यांची नजर चुलीवरच्या पातेल्यापर्यंत पोहोचली होती, हे प्रत्येक कर्जदार घराला ठाऊक असायला हवे.

वसुली एजंटांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर फोन करणे, धमकावणे, चारचौघांत पाणउतारा करणे किंवा नातेवाइकांना त्रास देणे निषिद्ध आहे. बचत गटांतील स्त्रिया घेतात त्या सूक्ष्मकर्जासाठी फोनची मुभा सकाळी नऊ ते सायंकाळी सहा एवढीच आहे, आणि वसुलीची जागा उभयतांनी ठरवायची असून कर्जदार तेथे लागोपाठ दोनदा आली नाही तरच कर्मचाऱ्याने घरी यावे.

तथापि हे संरक्षण तोंड चुकवणाऱ्याच्या फारसे उपयोगी पडत नाही. हप्ता चुकणार असे दिसताच, चुकण्यापूर्वीच, शाखेत लेखी अर्ज द्यावा, त्यात अडचणीचे खरे कारण आणि दरमहा झेपेल ती रक्कम लिहावी, हप्ते नव्याने बांधून मागावेत आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा. जामीनदाराला ही बातमी बँकेच्या नोटिशीतून नव्हे, तर ऋणकोच्या तोंडून कळावी. अपमान झालाच तर दिवस, वेळ, नंबर आणि शब्द त्याच दिवशी वहीत उतरवून बँकेकडे तक्रार नोंदवावी; ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती विनाशुल्क नेता येते, आणि तेथे ती शिक्क्याची प्रत आणि ती वही सोबत जोडावी.