बादलीतली भेंडी

(मंडळाच्या एप्रिलमधल्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत सहसा जड विषय असतात. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, जातपंचायती, खेड्यातल्या शाळा. त्यामुळे "या वेळी मी भेंडीवर बोलतो" असं म्हटल्यावर संयोजकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग "चालेल, पण पंधरा मिनिटांत" असं सांगितलं. भेंडी सोपी आहे, पंधरा मिनिटं पुरतील. तिच्यासोबत आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती तेवढी सोपी नाही. आधी भेंडी.

मी न्यू जर्सीत टाउनहाऊसमध्ये राहतो. मागे छोटा लाकडी डेक आहे. जमिनीत काही लावायला असोसिएशनची परवानगी नाही. म्हणजे जे काही करायचं ते कुंडीत. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांची परिस्थिती हीच असेल.

पहिल्या वर्षी मी पुण्याहून येताना बॅगेत बियांची पुडी टाकून आणली. ते चुकलंच. लागवडीसाठी परदेशातून बी आणायचं तर वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं आणि विमानतळावर ते जाहीर करावं लागतं. बियांबरोबर कीड आणि रोग येतात, म्हणून हा नियम आहे. आपण स्वतःला विज्ञानवादी म्हणवतो, तेव्हा "चिमूटभर बियांनी काय होतंय" हे आपल्या तोंडी शोभत नाही.

तर ते बी मी एप्रिलच्या शेवटी, दोन दिवस ऊन पडलं म्हणून, सहा इंची शोभेच्या कुंड्यांत पेरलं. अंगणातली माती भरली. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पंचवीस बियांपैकी तीन रुजल्या, त्यातल्या दोन मेल्या. तिसरं रोप उन्हाळाभर नुसतं वाढत राहिलं. सप्टेंबरच्या मध्याला फूल आलं आणि दोन भेंड्या मिळाल्या. त्या आम्ही आमटीत टाकल्या.

चुका चार होत्या. त्यातल्या तीन मला शेजारच्या बाईंनी दाखवून दिल्या. या बाई निवृत्त नर्स आहेत, कृष्णवर्णीय आहेत, आणि त्यांचं मूळ घर साउथ कॅरोलायनात. त्यांच्याकडे नंतर येतो.

पहिली चूक घाई. भेंडीला हवा नव्हे, माती गरम लागते. मातीचं तापमान साधारण ६५ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर बी पडून राहतं आणि ओल्या मातीत कुजतं. ६८ अंशांना रुजायला अडीच आठवडे लागतात, ८६ अंशांना आठवडा. बाईंचा नियम थर्मामीटरशिवायचा आहे: रात्री डेकवर बसताना तुम्हाला स्वेटर लागत असेल तर भेंडीलाही लागतो. त्या मेमोरियल डेच्या आधी, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारच्या आधी, कधीच पेरत नाहीत. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवतात, कारण कवच टणक असतं. इथे कुंडीचा एक फायदा आहे. जमिनीपेक्षा कुंडीतली माती लवकर तापते. गडद रंगाची असेल तर आणखी लवकर.

दुसरी चूक भांडं. भेंडीला सोटमूळ असतं, ते सरळ खाली जातं. सहा इंची कुंडीत ते वाटोळं फिरत बसतं आणि रोप खुरटतं. निदान बारा इंच खोली हवी. पाच गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची, प्लास्टिकची बादली उत्तम. नवी विकत घ्यायची गरज नाही. बेकरीत केकवरचं आयसिंग अशा बादल्यांतून येतं, विचारलं तर बऱ्याचदा रिकामी बादली देतात. तळाला अर्ध्या इंचाची सहा-सात भोकं पाडायची. एका बादलीत तीन बिया अर्धा ते एक इंच खोल पेरायच्या, आणि रोपं चार इंचांची झाली की सशक्त तेवढं एक ठेवून बाकीची कात्रीने कापायची. उपटायची नाहीत, शेजारच्या मुळाला धक्का बसतो. त्याच कारणाने घरात छोट्या कपात रोपं करून मग हलवणंही भेंडीला मानवत नाही.

तिसरी चूक माती आणि पाणी. अंगणातली माती बादलीत घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही. त्याऐवजी तीन भाग पोटिंग मिक्स आणि एक भाग कंपोस्ट घ्या. रोप लहान असताना पाणी बेताचं. बोट दोन इंच खुपसून पाहायचं, कोरडं लागलं तरच घालायचं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र उलट, बादली रोज सुकते. खालच्या भोकांतून पाणी येईपर्यंत घाला. खत दोन-तीन आठवड्यांनी, आणि नत्र जास्त असलेलं नको. नत्राने पानं हत्तीच्या कानाएवढी होतात आणि फुलं रुसतात. बादल्या जिथे सहा ते आठ तास थेट ऊन येतं तिथे ठेवा. अर्ध्या सावलीत भेंडी लावण्यापेक्षा पुदिना लावा.

चौथी चूक मला स्वतःला वाचून कळली. भेंडीच्या उष्ण प्रदेशातल्या अनेक जातींना फुलण्यासाठी लहान दिवस लागतो. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, न्यू जर्सीत पंधरा तासांचा. काही जाती या लांब दिवसांत फुलायचं पुढे ढकलत राहतात. माझ्या पुडीतल्या बियांचं हेच झालं असावं. इथे सहज मिळणारी 'क्लेमसन स्पाइनलेस' ही जात पेरल्यापासून ५५ ते ६० दिवसांत फळ देते. बादलीसाठी 'बेबी बबा' ही बुटकी जातही चांगली.

आता तोडणी. फूल फिकट पिवळं, मध्यभागी गडद लाल, जास्वंदाच्या कुळातलं. ते एकच दिवस उमलतं. भेंडीत स्वपरागीभवन होतं, त्यामुळे डेकवर मधमाश्या आल्या नाहीत तरी अडत नाही. फूल उमलल्यापासून चार ते सहा दिवसांत भेंडी तोडायची, तीन-चार इंचांची असताना. दोन दिवस सुट्टीला गेलात की ती निबर होते. आणि निबर भेंड्या झाडावर राहिल्या की झाड नवी फुलं कमी धरतं, म्हणून खायची नसली तरी तोडा. हात झाकून घ्या. 'स्पाइनलेस' हे फळापुरतं खरं, पानांच्या लवेने खाज येते.

कीड म्हणाल तर मावा, तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. दुसरा जॅपनीज बीटल. अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच न्यू जर्सीत, रिव्हरटनजवळ, १९१६ साली. सकाळी तो सुस्त असतो, तेव्हा साबणाच्या पाण्यात झटकून टाकायचा. महाराष्ट्रात भेंडीचा मोठा शत्रू म्हणजे पांढऱ्या माशीमुळे पसरणारा केवडा रोग, ज्यात पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. मुंबई इलाख्यात त्याची नोंद १९२४ ची आहे. त्याला तोंड देणारी 'परभणी क्रांती' ही जात १९८० च्या दशकात मराठवाडा कृषी विद्यापीठात डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी भेंडीचा तिच्या रानटी नातेवाइकाशी संकर करून तयार केली. सरकारी विद्यापीठाची सरळ जात, म्हणजे शेतकऱ्याने स्वतःचं बी धरावं आणि पुढच्या वर्षी पेरावं. हायब्रीडमध्ये ती सोय नाही.

हिशोबही सांगतो. माझ्या सहा बादल्यांतून ऐन हंगामात आठवड्यातून एकदा, कधी दोनदा तिघांची भाजी होते. पैसे वाचतात असं मी म्हणणार नाही. निवडणं, पुसणं, चिरणंही माझ्याकडेच आहे. पिकवतो म्हणून मिरवायचं आणि चिरायला बायकोला बसवायचं, हे आमच्या घरी चालत नाही.

आता ती दुसरी गोष्ट.

या बाईंच्या शेजारी मी चार वर्षं राहत होतो. "हाय" आणि "कोल्ड टुडे" यापलीकडे आमचं बोलणं झालं नव्हतं. त्यांच्या डेकवर दर उन्हाळ्यात बादल्यांतून काहीतरी उंच वाढताना दिसायचं, पण मी कधी नीट पाहिलंसुद्धा नाही. माझं पहिल्या वर्षीचं ते एकुलतं रोप बघून त्याच कठड्याशी आल्या आणि म्हणाल्या, "ओक्राला एवढ्या थंडीत बाहेर कोणी काढलं होतं?" मी जरा ऐटीत सांगितलं, "ही आमची भाजी आहे, इंडियातली." त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमची? माझ्या आजीला सांगायला हवं होतं."

मी घरात येऊन वाचायला बसलो. भेंडीचं मूळ गाव आफ्रिका की दक्षिण आशिया, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण अमेरिकेत ती आली ती गुलामांच्या व्यापाराबरोबर. 'ओक्रा' हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतला. 'गंबो' हाही आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधून आलेला, भेंडीचंच नाव. १७४८ साली पेहर काल्म या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाला ती फिलाडेल्फियाच्या बागांत दिसली. आपला पहिला माणूस एडिसनला पोचण्याच्या दोनशे वर्षं आधी ती इथून दीड तासावर पिकत होती. मालकाच्या शेतातलं दिवसभराचं काम संपल्यावर, झोपडीमागच्या तुकड्यात, गुलाम स्त्रीपुरुषांनी ती जगवली. पुढे विसाव्या शतकात साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून उत्तरेत आणि पश्चिमेत आले. बाईंचं कुटुंब त्यांतलं. बादलीत भेंडी लावण्याची युक्ती त्यांच्या आईची, शहरात आल्यावर जमीन गेली म्हणून.

आणि मी ज्या 'क्लेमसन स्पाइनलेस'ची शिफारस केली, ती साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन कॉलेजची, १९३९ ची पुरस्कारप्राप्त जात. हे कॉलेज उभं आहे ते जॉन कॅल्हूनच्या मळ्याच्या जमिनीवर. गुलामगिरीचा हा कट्टर समर्थक, आणि त्या मळ्यावर गुलाम राबत. ज्यांनी हे पीक या देशात आणलं, त्यांच्या वंशजांपैकी पहिला विद्यार्थी, हार्वे गँट, तिथे प्रवेश घेऊ शकला तो १९६३ मध्ये, कोर्टात जाऊन. बी घेतलं, माणूस चोवीस वर्षं दाराबाहेर.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. पिकवणारा एक आणि शाळेचं दार बंद करणारा दुसरा, हे आपण चांगलं ओळखतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं. फुल्यांच्या घराण्याचा धंदा फुलांचा आणि माळीकामाचा होता. पुण्यात बसून, समुद्रापलीकडच्या या माणसांचं दुःख त्यांना आपलं वाटलं. आपण त्यांची जयंती साजरी करतो, आणि इथे येऊन घर घेताना एजंटला पहिला प्रश्न विचारतो, "एरिया कसा आहे?" त्या प्रश्नाचा अर्थ एजंटलाही कळतो आणि आपल्यालाही.

मी दुसऱ्यांवर बोट ठेवत नाही. दुसऱ्या वर्षी भेंडी चांगली आली, तेव्हा घरी काही मित्र जेवायला होते. भाजीचं कौतुक झालं. मी म्हटलं, शेजारच्या बाईंकडून शिकलो. एक जण खिडकीतून त्यांच्या डेकवर नजर टाकून म्हणाला, "त्यांच्याकडून? आणि त्यांना भाजीतलं काय कळतं?" बाकीचे हसले. मी पोळी वाढत होतो. मी गप्प बसलो. पाहुण्याचा अपमान नको, असं स्वतःला सांगितलं. ते काही खरं नव्हतं. मला फक्त चारचौघांत वेगळं पडायचं नव्हतं. बीडच्या शाळेसाठी चेक लिहिताना मला कधी असं वेगळं पडावं लागलेलं नाही, म्हणून तो चेक सोपा आहे.

त्या वेळी जे बोलायला हवं होतं, ते आज बोललो. उशीर झाला आहे, हे मला माहीत आहे.

बाहेर चहाच्या टेबलावर पाकिटं ठेवली आहेत. बी बाईंच्या झाडांचं आहे. एक-दोन भेंड्या झाडावर पूर्ण वाळू द्यायच्या, तडकायला लागल्या की बी काढायचं, कोरड्या जागी ठेवायचं. त्या अनेक वर्षं असंच करत आल्या आहेत. त्यांना विचारून आणलं आहे. एका पाकिटात बारा बिया आहेत. म्हणजे प्रत्येकी तीन धरून चार बादल्या. दोन तुमच्या डेकवर ठेवा, दोनांपुरतं बी शेजारी द्या, ज्यांच्याशी अजून "हाय"च्या पुढे बोलणं झालेलं नाही त्यांना.

आणि कृपा करून मेच्या शेवटच्या आठवड्याआधी पेरू नका.