पुन्हा न्यायासनावर

बासष्टाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जो गृहस्थ गुंतागुंतीचे अपील समर्थपणे निकालात काढतो, तोच दुसऱ्या दिवसापासून उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसावयास अपात्र ठरतो. मर्यादा कोठेतरी आखावीच लागते, हे खरे. परंतु तिच्यापलीकडे गेलेल्या अनुभवाचे काय करावयाचे, हा प्रश्न आपल्या घटनेने प्रथमपासूनच विचारात घेतला आहे.

निवृत्त न्यायाधीशांस पाचारण करण्याची तरतूद मूळ घटनेच्या कलम २२४ मध्येच होती. ती अपुरी व असमाधानकारक ठरल्याने १९५६ साली सातव्या दुरुस्तीने तिच्या जागी अतिरिक्त न्यायाधीशांची योजना आणली. १९६३ साली पंधराव्या दुरुस्तीने कलम २२४-अ घालून गेलेली तरतूद परत आणली. मौजेची गोष्ट अशी की, निवृत्तीचे वय साठावरून बासष्टावर नेणारी दुरुस्तीही हीच.

मुख्य न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने विनंती करावयाची. ती मानणे अथवा न मानणे सर्वस्वी त्या निवृत्त गृहस्थाच्या स्वाधीन. आसनावर असेतो त्याचे अधिकार पूर्ण. एरवी मात्र तो न्यायाधीश गणला जात नाही.

एवढी सोय हाताशी असून तिचा उपयोग किती झाला? ‘लोकप्रहरी’ प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मागे वळून पाहिले, तेव्हा तीनच उदाहरणे नोंदली गेली: १९७२ साली मध्य प्रदेश, १९८२ साली मद्रास आणि २००७ साली अलाहाबाद. यांपैकी शेवटचे अयोध्येच्या दाव्याकरिता. निवृत्तांस बोलावले की रिकाम्या जागा भरण्याची निकड ओसरेल, ही भीती काही अगदीच निराधार नव्हे. म्हणूनच न्यायालयाने, ही योजना नियमित नेमणुकांना पर्याय नव्हे, असे बजावले आणि साधारणतः दोन ते पाच न्यायाधीश, दोन-तीन वर्षांकरिता, अशी चौकट आखून दिली. जानेवारी २०२५ मध्ये फौजदारी अपिलांकरिता रिक्त जागांच्या प्रमाणाची अट शिथिल झाली.

हा रोख योग्यच होता. दिवाणी दावा लांबला तर जमीन कोठे जात नाही. परंतु अपील फळीवर पडून असता तुरुंगात शिक्षा भोगून संपविलेला मनुष्य पुढे निर्दोष ठरला, तर त्याची वर्षे कोणी परत द्यावयाची? तथापि केवळ न्यायाधीश बोलावून भागत नाही. त्याला दालन हवे, लघुलेखक हवा, सरकारी वकील हवा आणि जुन्या खटल्याचे कागद छापून तयार हवेत.