चकलीचा सोऱ्या कसा निवडावा?

दिवाळी जवळ आली की घरोघर भाजणीचा खमंग वास सुटतो. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, वर धने-जिरे. हे प्रमाण पुष्कळजणींना पाठ असतं. सोऱ्याचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. मग पीठ दाबता दाबता मनगटं भरून येतात आणि थकलेली बाई पिठाला पाण्याचा हबका देते. पीठ सैल झालं की चकली तेल पिते, मऊ पडते, काटा उठत नाही. खोड असते सोऱ्याची; बोल लागतो सुनेच्या हाताला!

म्हणून सोऱ्या घेताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, भांड्याची रुंदी. रुंद भांड्यात पीठ जास्त मावतं खरं, पण जोरही फार लागतो. पिठावर तेवढाच दाब आणायला आतून ४ सेंटिमीटर व्यासाच्या सोऱ्यापेक्षा ६ सेंटिमीटरच्या सोऱ्याला सव्वादोनपट जोर पडतो. कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. गुरुजींनी हे उदाहरण वर्गात मुलांकडून जरूर सोडवून घ्यावं.

दुसरी, दाबण्याची रीत. हातानं दाबायचा सोऱ्या शेवेच्या मऊ पिठाला ठीक. चकलीच्या घट्ट पिठाला मळसूत्राचा, मूठ फिरवायचा सोऱ्या बरा. दट्ट्या हळूहळू, पण नेटानं उतरतो. पितळी सोऱ्या जड, पण टिकाऊ. अल्युमिनियमचा हलका, मात्र आटे झिजून काळा कीस पडू लागला, की तो बाजूला ठेवावा. तो कीस पोटात जाता कामा नये.

तिसरी, दट्ट्या आणि चकती. दट्ट्या ढिला असेल तर पीठ कडेनं वर चढतं. चांदणीचे कोन रेखीव हवेत. काट्यांमुळे चकलीला तेलाची आच अधिक जागी लागते आणि ती खुसखुशीत होते.

वापरताना आतून तेलाचं बोट फिरवावं. पीठ ओल्या फडक्याखाली झाकून, लागेल तेवढंच मळून घ्यावं. लांबट गोळा करून दाबून भरावा. आत हवा राहिली की चकली मध्येच तुटते. काम झाल्यावर चकती लगेच धुऊन, कोरडी करून ठेवावी.

सोऱ्या काही रोज घेतला जात नाही. तेव्हा दुकानात मूठ चार वेळा फिरवून पाहायला संकोच करू नका. ज्या हातांना तो वर्षानुवर्षं फिरवायचा आहे, त्यांनाच तो निवडू द्या.