नोंद आणि रोगभार



दवाखान्यातील केसपेपर एका रुग्णाच्या उपचारासाठी असतो. तेच लाखो कागद संगणकावर एकत्र वाचता आले, तर साऱ्या समाजाच्या प्रकृतीचे निदान करता येते. अकाली मृत्यूमुळे आणि आजारपणामुळे निरोगी आयुष्याची किती वर्षे गमावली, त्यांची बेरीज म्हणजे रोगभार. जागतिक बँकेच्या १९९३ च्या विकास अहवालाने ही मोजणी धोरणकर्त्यांपुढे ठेवली.

या मोजणीचा पाया म्हणजे अखंड नोंद. डेन्मार्कने १९६८ पासून प्रत्येक रहिवाशास एक क्रमांक दिला आणि १९७७ पासून रुग्णालयांतील दाखल रुग्णांची राष्ट्रीय नोंद ठेवली. त्यामुळे एका व्यक्तीचा आजार, उपचार व मृत्यू एकाच धाग्यात गुंफता येतात.

२०२० साली कोरोनाच्या साथीत इंग्लंडमधील ‘ओपनसेफली’ प्रकल्पाने १ कोटी ७२ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी अभ्यासल्या. व्यक्तीची ओळख झाकून आणि नोंदी मूळ जागेवरून न हलवता हे कार्य झाले. वाढते वय, मधुमेह आणि दारिद्र्य यांसह मृत्यूचा धोका वाढतो, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र सुमारे चौथ्या हिश्श्याच्या नोंदींत वंशाचा रकाना रिकामाच होता.

तो रिकामा रकानाच खरा इशारा होय. यंत्र लिहिलेले तेवढेच मोजते. ज्याचा रक्तदाब कधी तपासलाच नाही, तो संगणकाच्या लेखी निरोगी ठरतो. जो दवाखान्यापर्यंत पोहोचलाच नाही, तो तर गणतीतही नसतो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावी घरांपर्यंत जाऊन जन्म आणि बालमृत्यू नोंदविले, म्हणूनच नवजात बालकांच्या मृत्यूचे खरे प्रमाण दिसले आणि त्यावर घरच्या घरी उपाय योजता आला.

भारतात २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ झाला. त्यातील आभा क्रमांक १४ अंकी असून नोंदींची देवाणघेवाण रुग्णाच्या संमतीवर आधारलेली आहे. ही व्यवस्था फलद्रूप व्हायची, तर प्रत्येक लहान दवाखान्याने निदान स्पष्ट लिहावे, रुग्णाचे गुपित जपावे आणि दारी न आलेल्याचाही शोध घ्यावा. जो मोजला जात नाही, त्याच्या वाट्याला औषधही येत नाही.